सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेताय? आधी मिस्त्री शोधा

रात्री अकराला भाच्याचा फोन. "मामा, एक गाडी बघितलीय. दोन दरवाजांची, वरचं छत उघडणारी. नवी सत्तर लाखांची होती, गडी सोळाला द्यायला तयार आहे." भाचा तेवीस वर्षांचा, नोकरीला लागून दीड वर्ष झालेलं, राहायला साताऱ्याच्या गोडोलीत. मी एकच विचारलं, "बिघडली तर बघणार कोण?" यावर तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, "पुण्यात असेल की कोणीतरी."

"असेल की कोणीतरी" या भरवशावर मीही एकदा गाडी घेतली होती. टर्बो पेट्रोल इंजिनाची, बुटकी, पळायला वाऱ्यासारखी. घेतल्यावर चौथ्या महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला तापमानाचा लाल दिवा लागला. बाजूला घेऊन बंद केली म्हणून इंजिन वाचलं. फुटलं काय होतं, तर थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर. मुठीएवढा पार्ट, किंमत चार हजारांच्या आत. पण तो साताऱ्यात कोणाकडे नव्हता आणि पुण्यातही ऑर्डर द्यावी लागली. गाडी पाठीवर घेऊन जाणाऱ्या फ्लॅटबेड ट्रकचे आठ हजार गेले, गाडी एकोणीस दिवस पुण्यात उभी राहिली आणि मी एसटीने कामाला गेलो.

भाच्याच्या त्या फोननंतर आठवडाभर त्याला जे टप्प्याटप्प्याने सांगितलं, तेच इथे लिहून काढतोय. क्रम मात्र मोडू नका. लोक पहिली पायरी शेवटी करतात आणि तिथेच फसतात.

पायरी १: गाडी बघण्याआधी मिस्त्री पक्का करा

आपल्याकडे फिटरांची कमी नाही. साताऱ्याच्या एमआयडीसीत किंवा सांगलीला कुपवाड रस्त्याला असे लोक आहेत की स्विफ्ट, बोलेरो डोळे मिटून उघडतील आणि जोडतील. पण स्पोर्ट्स कारला हात चांगला असून भागत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा त्या कंपनीचा स्कॅनर लागतो, विशिष्ट हत्यारं लागतात आणि तो पार्ट कुठे मिळतो याची माहिती लागते. महागड्या गाड्यांची माहितगार गॅरेज आपल्याला पुण्यातच गाठावी लागतात. साताऱ्याहून पुणे ११० किलोमीटर. सांगलीहून सव्वादोनशेच्या वर, कोल्हापूर जवळ पडतं ते ५० वर.

म्हणून गाडीवाल्याला फोन करायच्या आधी पुण्या-कोल्हापुरातल्या तीन स्वतंत्र गॅरेजना फोन करा. चार गोष्टी विचारा: या मॉडेलच्या किती गाड्या तुमच्याकडे नेहमी येतात, स्कॅनर कंपनीच्या तोडीचा आहे का, साधा पार्ट मागवला तर किती दिवसांत येतो, आणि घेण्याआधी गाडी रॅम्पवर घेऊन तपासून द्याल का, त्याचे किती घ्याल. गाडी न बघताच "बिनधास्त घ्या साहेब" म्हणणाऱ्याचा नंबर ठेवू नका. "अहो ती नको, त्यातली पुढची घ्या, हिचा गिअरबॉक्स रडवतो" असं कुरकुरणारा माणूस आपला. त्याच्या कुरकुरीनेच तुमचे पैसे वाचतात.

अजून एक फोन विमा कंपनीला. रस्त्यावरच्या मदतीचं कलम पॉलिसीत असतं, पण गाडी किती किलोमीटरपर्यंत फुकट ओढून नेणार याला मर्यादा असते. ती मर्यादा तुमच्या गावापासून त्या गॅरेजपर्यंत पुरते का ते मोजा. पुरत नसेल तर वर्षातून एकदा फ्लॅटबेडचा खर्च धरून चाला. स्पोर्ट्स कार दोरी बांधून ट्रॅक्टरमागे ओढायची वस्तू नाही. ऑटोमॅटिक असेल तर तेवढ्यात गिअरबॉक्सही जाऊ शकतो.

पायरी २: मॉडेल नावावरून नको, आतल्या यंत्रावरून निवडा

पहिलीच गाडी असेल तर दोन दरवाजांचा हट्ट थोडा बाजूला ठेवा. रोजच्या गाडीचंच तापट रूप घेतलं तर निम्मे पार्ट साध्या भावंडाचे चालतात. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, ह्युंदाई आय-२० एन लाइन, स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस ही त्या जातीची. बीएमडब्ल्यू झेड-४, ऑडी टीटी, मर्सिडीज एसएलके, फोर्ड मस्टँग ही दुसरी जात. दिसायला देखणी, आणि खर्चाला आपल्या कल्पनेबाहेर.

इथे एक साधी गोष्ट पोरांच्या लक्षात येत नाही. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. सत्तर लाखांची गाडी सोळाला मिळाली तरी तिचा हेडलाइट, तिची ब्रेक डिस्क, तिचा शॉकअॅब्सॉर्बर सत्तर लाखांच्याच गाडीचा असतो. मालक स्वस्तात का सोडतोय, याचं उत्तर बहुतेक वेळा पुढच्या सर्व्हिसच्या कोटेशनमध्ये सापडतं.

नावं एकच आणि आतला माल वेगळा, हेही होतं. पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली तेव्हा १.२ लिटरचं इंजिन आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. २०२० पासून त्याच नावाने १.० लिटरचं इंजिन आणि सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे नेहमीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला. जुन्यातला डीएसजी ड्राय क्लचचा, म्हणजे क्लच तेलात न बुडालेला. तो गर्दीत रांगत चालवला की तापतो, आणि त्यातलं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा मेंदू, गेलं की खर्च लाखाच्या घरात जातो. सगळ्यांचाच जातो असं नाही. पण घेणाऱ्याला फरक माहीत हवा, कारण जाहिरातीत दोन्हींना "जीटी ऑटोमॅटिक" एवढंच लिहितात. ऑक्टाव्हिया व्हीआरएस २०१७ ला २३० हॉर्सपॉवरची आली, २०२० ला २४५ ची. दुसरी फक्त २०० गाड्यांपुरती होती. तिच्या खास पार्टसाठी किती थांबावं लागेल ते मिस्त्र्यालाच विचारा.

कंपनी भारतात उरली आहे का, तेही बघा. मस्टँग २०१६ ला आपल्याकडे आली, पाच लिटरचं व्ही-८ इंजिन घेऊन. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. अबार्थ पुंटो, २०१५ ची, १४५ हॉर्सपॉवरची, आजही अनेकांच्या मनात घर करून आहे. माझ्याही आहे. पण फियाटच्या गाड्या आता शोरूममध्ये नाहीत. मनातली गाडी आणि अंगणातली गाडी यात फरक ठेवावा लागतो.

पायरी ३: हिशेब

हे थोडक्यात. सोळा लाख हातात असतील तर बारा लाखांची गाडी बघा. उरलेले चार पहिल्या वर्षाच्या टायर, तेलं, बेल्ट, बॅटरी आणि एका मोठ्या झटक्यासाठी. ही वाटणी कुठल्या पुस्तकात नाही, माझ्या अनुभवातली आहे.

परदेशी व्हिडिओ बघून "तरुणाला विमा परवडत नाही" असं काहींच्या डोक्यात बसलेलं असतं. आपल्याकडे थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनाच्या आकारावर ठरतो, वयावर नाही. १५०० सीसीच्या वरच्या खासगी कारला २०२२ पासून वर्षाला ७,८९७ रुपये, अधिक कर. खरा बोजा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा, आणि तिथे झीरो डेप, म्हणजे पार्टची घट न कापता क्लेम देणारं कलम, जुन्या गाडीला सहजी मिळत नाही. झीरो डेप नसेल तर प्लॅस्टिक आणि रबरी पार्टच्या क्लेममधून निम्मी रक्कम कापली जाते. स्पोर्ट्स कारचा पुढचा बंपर प्लॅस्टिकचाच असतो आणि पहिला तोच जातो.

पेट्रोलचंही बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं. २०२३ च्या आधीच्या गाडीला ते चालतं का, हे तिच्या पुस्तिकेत किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर बघा. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील मिस्त्र्याकडून पाहून घ्या.

पायरी ४: घरी बसून कागद तपासा

गाडी बघायला जाण्याआधी आरसीचा फोटो मागवा. देत नसेल तर विषय संपला. एम-परिवहन अॅपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा आहे का ते दिसतं. चोरीच्या गाड्यांच्या यादीत नंबर आहे का, ते डिजिटल पोलीस पोर्टलवर बघता येतं. दोन्ही फुकट, वेळ दहा मिनिटं.

मग ई-चलन. बाकी असलेली चलनं मालकाने भरून द्यायची हे तर झालंच, पण त्यांची यादी नीट वाचा. ती गाडीची कुंडली असते. वेगमर्यादेची चलनं एकापाठोपाठ असतील तर गाडी कशी चालवली गेली ते कळलं. "आमच्या पप्पांची गाडी, फक्त रविवारी काढायचो" या वाक्याची किंमतही त्याच यादीवरून ठरते.

विम्याची जुनी पॉलिसी मागा आणि तिच्यावरचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बघा. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत पोचतो. पहिल्याच मालकाकडे सहा वर्षं असलेल्या गाडीवर बोनस शून्य दिसला, तर मागच्या वर्षी काहीतरी झालंय. ते काय, हे मालकाच्या तोंडून ऐकू नका, क्लेमचे कागद मागा. बोनस मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही. त्यामुळे दुसऱ्या मालकाकडे तो कमी असणं साहजिक आहे, आणि तुम्हालाही विक्रेत्याचा मिळणार नाही.

आता परराज्याचं पासिंग. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले तेव्हापासून तिकडच्या गाड्या देशभर स्वस्तात विकल्या जातात. पाँडिचेरी पासिंगच्या महागड्या गाड्या तर तिथल्या कमी करामुळे प्रसिद्धच आहेत. स्वस्त दिसणारी ही गाडी इथे आणली की तिथल्या आरटीओची एनओसी घ्यावी लागते आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. वैयक्तिक नावावरच्या नव्या पेट्रोल गाडीला तो किमतीनुसार ११ ते १३ टक्के आहे; आयात केलेल्या गाडीला त्याहून जास्त. जुन्या गाडीला वयाप्रमाणे सूट मिळते, पण आकडा तरीही डोळ्यांत भरतो. आधीच्या राज्यातून परतावा मिळतो म्हणतात. त्या परताव्यामागे धावणारे मी पाहिलेत, मिळालेला आनंदी माणूस अजून भेटायचाय. परराज्याची गाडी १२ महिन्यांच्या वर इथे ठेवली तर नव्याने नोंदणी करावीच लागते, म्हणून "चालतंय, कोण बघतंय" हा सल्ला ऐकू नका. माझा कौल साधा: पहिली गाडी एमएच पासिंगचीच घ्या. एमएच ११, १०, ०९, ५०, १२, कुठलीही चालेल.

फार जुनी आयात गाडी कोणी गळ्यात मारत असेल तर एवढं लक्षात ठेवा की १५ ते २० वर्षांच्या आयात कारच्या नोंदणीचं नूतनीकरण करताना ४०,००० रुपये फी आहे. साध्या कारला ५,०००.

पायरी ५: गाडी थंड असताना बघा

मालकाला आदल्या दिवशीच सांगायचं: आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी बोनेटवर तळहात ठेवायचा. गरम लागलं तर का, ते विचारायचं. थंड इंजिन चालू होतानाच पोट उघडं करतं. इंजिनातली साखळी सैल झाली असेल तर तिची खडखड दोन-तीन सेकंद ऐकू येते आणि मग तेल चढलं की बंद होते. मागे निळसर धूर दिसला तर तेल जळतंय, म्हणजे वाल्व्हचे सील किंवा टर्बो. गरम इंजिनावर यातलं निम्मं लपतं. तेलाच्या झाकणाखाली दह्यासारखी साय दिसली तर पाणी आणि तेल एकत्र येत असण्याची शंका घ्या. कूलंटच्या डब्यात साधं पाणी दिसलं तर गळती आहे आणि मालक वरून भरत आलाय.

सांगली भागातली किंवा तिथून फिरून आलेली गाडी असेल तर पुराची खूण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. जुलै २०२१ ला पुन्हा ५० च्या वर. त्या पाण्यात किती गाड्या उभ्या होत्या ते सांगलीकरांना सांगायला नको. दुरुस्तीचा खर्च विमा रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी टोटल लॉस धरते. मग ती गाडी लिलावात जाते, कोणीतरी ती उघडून वाळवतो, आतून धुतो, आणि दोन जिल्हे ओलांडून ती पुन्हा "शोरूम कंडिशन" होते. चेन्नईत २०१५ ला तेच, मुंबईत २००५ ला तेच. पाणी ओसरतं, गाड्या बाजारात येतात.

मित्रासाठी एक लाल कूपे, म्हणजे दोन दरवाजांची गाडी, बघायला मी मिरजेजवळच्या एका शेडमध्ये गेलो होतो. गाडी चकाचक. पॉलिश असं की त्यात माझा चष्मा दिसत होता. आत लिंबाचा वास, जरा जास्तच. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि ओढत राहिलो. नेहमी ओढतो तेवढा नाही, पार शेवटपर्यंत. वीतभर काळी पट्टी, मग अजून वीतभर, आणि अगदी शेवटी आडवी, पिवळट तपकिरी रेघ. नखाने खरवडली तर बोटावर पीठ आलं. वाळलेला गाळ. मालक म्हणाला, "चहा सांडला असेल हो." सीटबेल्टच्या गुंडाळीत चहा कसा सांडतो ते त्यालाच ठाऊक. आम्ही त्याचाच चहा घेतला आणि निघालो.

सीटबेल्टशिवाय अजून चार जागा आहेत. सीटच्या रुळांचे बोल्ट, बूटच्या कार्पेटखालचा खड्डा, डॅशबोर्डखालचे स्क्रू आणि हेडलाइटच्या आतलं धुकं. मोबाइलची बॅटरी लावून गुडघ्यांवर बसा, लाजू नका. एअरबॅगचं नियंत्रण करणारा डबा बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, जवळजवळ जमिनीलगत असतो. पाणी आत शिरलं की आधी तोच भिजतो. म्हणून चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागतो का आणि काही सेकंदांत विझतो का, ते बघा. लागून राहिला तर बिघाड. मुळीच लागला नाही तर त्याहून वाईट, कारण कोणीतरी तो मुद्दाम बंद केलाय.

अपघाताच्या खुणा वेगळ्या. बोनेटच्या आणि फेंडरच्या बोल्टचा रंग उडालाय का, म्हणजे पाना लागलाय का, बघा. सगळ्या काचांवरच्या छोट्या खुणा जुळतात का पाहा. एकच काच वेगळी असेल तर तिची कथा विचारा. रंगाची जाडी मोजणारं यंत्र मिस्त्र्याकडे असतं. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो. ३०० च्या वर आकडा गेला तर खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरलेली आहे. दारावर थोडा टच-अप असणं गुन्हा नाही. छताच्या खांबावर किंवा चेसिसच्या पुढच्या टोकाला लांबी सापडली तर मात्र हात जोडून निघा. चेसिस नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. आजूबाजूला घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील तर तिथे थांबूही नका.

मीटर फिरवणं आता पाच मिनिटांचं काम झालंय, त्यामुळे आकड्याकडे बघूच नका, झिजेकडे बघा. तीस हजार किलोमीटर सांगतात आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत? सीटची बाहेरची कड चुरगळलेली? टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो; २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर पाच-सहा वर्षांच्या पुढचे असतील तर नक्षी कितीही खोल दिसो, नव्या चारची किंमत भावातून कापा. चारही एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे हवेत. आतली कड जास्त झिजली असेल तर अलाइनमेंट किंवा काहीतरी वाकलेलं आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा इतिहास मागा, मालकाच्या संमतीने तो मिळतो. तिथे दर वर्षी लिहिलेलं किलोमीटर लपवता येत नाही.

स्कॅनर लावताना एक बारीक डाव ओळखा. विकणारा तुम्ही येण्याआधी सगळे दोष पुसून टाकतो. मग स्कॅनर "एकही दोष नाही" म्हणतो आणि पोरं खूश होतात. पण पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, ज्यांना रेडीनेस मॉनिटर म्हणतात, त्याही कोऱ्या होतात, आणि पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. दोष शून्य आणि मॉनिटर "नॉट रेडी" असं दिसलं, तर काल-परवा कोणीतरी पुसलंय. हजार-दीड हजारात मिळणारा छोटा ओबीडी डोंगल, म्हणजे मोबाइलला जोडायचा खिशातला स्कॅनरही हे सांगतो.

इंजिन रीमॅप केलंय का, म्हणजे ताकद वाढवायला त्याचं सॉफ्टवेअर बदललंय का, हे सरळ विचारा. ताकद वाढवली की क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो सगळ्यांवर ताण येतो. कानठळ्या बसवणारा सायलेन्सर आणि बदललेली बॉडी असेल तर ती मालकाची हौस, पण दंड तुमचा. कंपनीने दिलेल्या रचनेत परवानगीशिवाय फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं, आणि प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा कैदही होऊ शकते. विमा कंपनीला न सांगितलेला बदल क्लेमच्या वेळी अंगावर येतो. मूळ पार्ट पोत्यात भरून देणारा मालक मिळाला तर दोन पैसे जास्त द्या.

पायरी ६: ट्रायल

मोकळ्या हायवेवर ट्रायल मारून काही कळत नाही. तिथे सगळ्याच गाड्या छान चालतात. आधी खराब रस्ता. ताशी वीसच्या वेगाने, काचा खाली, गाणी बंद. टक-टक आवाज कुठून येतो ते ऐका. मग चढ: साताऱ्यात असाल तर यवतेश्वर घाट, पुण्यात कात्रज. चढावर मध्येच थांबून पुन्हा निघा. डीएसजी असेल तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर जाणवते का ते बघा. मग दहा मिनिटं रांगत चालवा, गिअरबॉक्स तापू द्या. उतारावर ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकलेली आहे.

आणि तुमच्या घरापर्यंत न्या, निदान तसल्याच रस्त्याने. नियमाने बांधलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. आपल्या गावांतला गतिरोधक कोणत्या मापाने बांधतात ते बांधणाऱ्यालाही माहीत नसतं. मस्टँगसारख्या गाडीचं पोट जमिनीपासून चौदा सेंटिमीटरही उंच नाही. भाच्याच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचं झाकण वर आलंय. मी त्याला पट्टी घेऊन मोजायला लावलं. अकरा सेंटिमीटर निघालं.

छत उघडणारी गाडी असेल तर छत तीनदा उघडा-मिटा, आणि बादलीभर पाणी वरून ओता. मालकाने तोंड वाकडं केलं तर करू दे. महाबळेश्वरच्या पावसाशी गाठ आहे.

पायरी ७: इसार, पैसे, टीटी (मालकीबदल)

इसार पाच-दहा हजारांच्या वर नको, आणि पावतीवर "मिस्त्र्याच्या तपासणीत मोठा दोष निघाल्यास इसार परत" हे वाक्य हवं. बाकी पैसे बँकेतून. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने घेणाऱ्याला बंद आहे, त्यामुळे "रोख दिलेस तर पन्नास हजार कमी" म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवा.

कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. "आठ दिवसांत उतरवून देतो" हे मी दोनदा ऐकलंय, दोन्ही वेळा आठवड्यांचे महिने झाले. मालकीबदलासाठी फॉर्म २९ आणि ३०. कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या घेऊन गाडी दोन-तीन हातांतून फिरवायची पद्धत बाजारात आहे. त्या साखळीत तुम्ही शिरू नका. आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याशीच समोरासमोर व्यवहार करा. टीटीला विकणारा टाळाटाळ करत असेल तर त्याच्याच फायद्याचं सांगा: आरसीवर नाव असेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. एवढं ऐकलं की माणूस स्वतः आरटीओत येऊन बसतो.

ताबा घेताना डिलिव्हरी नोटवर तारीखच नाही, वेळही लिहा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. नाव बदललं नाही आणि गाडी ठोकली, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

पायरी ८: पहिला महिना

गाडी घरी आणण्याआधी मिस्त्र्याकडे. इंजिन तेल, कूलंट, ब्रेक फ्लुइड, आणि वेट क्लचचा डीएसजी असेल तर गिअरबॉक्सचंही तेल. आधीच्या मालकाने बदललं म्हटलं तरी बदला. मागच्या चाकांवर ताकद असलेली गाडी असेल तर पहिला पावसाळा ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू न देणारी यंत्रणा) बंद करायचं बटण आहे हे विसरून जा. पसरणी घाटात ओल्या वळणावर मागचं चाक निसटलं की विचार करायला वेळ नसतो, आणि कठड्यापलीकडे काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. कासच्या रस्त्यावर मित्रांना वेग दाखवायचा मोह होईल. त्या रस्त्यावर हंगामात फुलं बघायला आलेली लहान मुलं असतात. वेग अनुभवायचाच असेल तर कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर पैसे भरून शिकता येतं.

भाच्याची ती सत्तर लाखांची छतवाली गाडी पुण्याच्या मिस्त्र्याने रॅम्पवर घेतली आणि पंधरा मिनिटांत खाली उतरवली. तपासणीचे तीन हजार गेले. दुसरीचे मॉनिटर कोरे निघाले. तिसरीचा मालक आरसीचा फोटो द्यायला तयार नव्हता. चौथी चिंचवडची आहे, चार दरवाजांची, एमएच १४, पहिलाच मालक, बोनस ५० टक्के. मिस्त्री कुरकुरला, पण फक्त टायरबद्दल. शनिवारी पहाटे पाचला निघतोय. मालकाला भाच्याने स्वतः फोन करून सांगितलंय, "काका, आम्ही येईपर्यंत चालू करू नका."